पात्राची पत्रिका

कथा-कादंबरीतले पात्र घडवताना त्याची जन्मकुंडली मांडणे किंवा त्याच्यासाठी टॅरोचे पत्ते काढणे, ही अनेक लेखकांनी आपलीशी केलेली रीत आहे. पात्राला जन्मवेळ आणि जन्मगाव दिले की लग्न, राशी, नक्षत्र निघते. पत्ते मांडले की त्याचा भूतकाळ, अडसर आणि इच्छा यांची चित्रे समोर येतात. या रीतीत एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. माणसाचे आयुष्य आधी ठरलेले असते की तो ते घडवतो? खऱ्या माणसाबद्दल हा वाद मिटलेला नाही. पात्राच्या जगात मात्र दैव असतेच, कारण तिथे लिहिणारा असतो. पण त्याने सगळेच ठरवून टाकले तर पात्राची कळसूत्री बाहुली होते आणि वाचकाला दोऱ्या दिसू लागतात.

भारतीय वाङ्मयात पात्राला पत्रिका देण्याचे ठळक उदाहरण रामायणात सापडते. बालकांडाच्या प्रचलित पाठात रामाचा जन्म चैत्र शुद्ध नवमीला, पुनर्वसू नक्षत्रावर, कर्क लग्नावर झाल्याचे सांगितले आहे आणि त्या वेळी पाच ग्रह उच्चीचे होते. राशींचा असा उल्लेख असल्यामुळे हा भाग नंतर जोडला गेला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर ते अधिकच बोलके आहे: चरित्र आधी रचले गेले आणि त्याला शोभेल अशी पत्रिका मागाहून मिळाली. त्याच ठिकाणी लक्ष्मण आणि शत्रुघ्न या जुळ्यांना एकच आश्लेषा नक्षत्र आणि एकच कर्क लग्न दिले आहे. तरी एक भाऊ रामामागे वनात जातो आणि दुसरा भरताजवळ राहतो. ग्रह सारखे असूनही चरित्रे वेगळी होतात, कारण दोघांनी जीव लावलेली माणसे वेगळी आहेत. संत ऑगस्टीन यांनी ज्योतिषाविरुद्ध जुळ्यांचाच दाखला दिला होता. कथालेखकाला त्यातून वेगळे काही मिळते: पत्रिका जिथे अपुरी पडते, तिथूनच पात्र सुरू होते.

या प्रश्नावर याज्ञवल्क्यस्मृतीचे उत्तर फार सूक्ष्म आहे. कार्याची सिद्धी दैव आणि पुरुषकार या दोहोंवर अवलंबून असते, असे ती मानते. आणि दैव म्हणजे पूर्वदेहात केलेले पौरुषच, असेही सांगते. म्हणजे दैव बाहेरून लादलेले नाही, ते माणसाचेच विसरलेले कर्म आहे. कादंबरीच्या पहिल्या पानाआधी पात्राचे जे आयुष्य होऊन गेले, त्याच्याकडे याच नजरेने पाहता येते. वाचकाला ते दिसत नाही, पात्रालाही पुरते आठवत नाही, पण त्याचा प्रत्येक निर्णय त्या ओझ्यासह होतो. कुंडली मांडणारा लेखक खरे तर पात्राचे हे प्रारब्ध लिहीत असतो.

म्हणून वर्तमानपत्री राशिभविष्यातले स्वभाववर्णन या कामी निरुपयोगी ठरते. 1948 साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 39 विद्यार्थ्यांना एकच व्यक्तिवर्णन प्रत्येकाचे स्वतंत्र म्हणून वाचायला दिले. त्यातला बराच मजकूर ज्योतिषाच्या एका बाजारी पुस्तकातून घेतलेला होता. ते आपल्याला किती लागू पडते, याला विद्यार्थ्यांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. जे सर्वांना लागू पडते, त्यातून एकही पात्र उभे राहत नाही.

उपयोगी पडते ती पत्रिकेतली विसंगती. समजा, पात्राचे लग्न सिंह आहे आणि चंद्र वृश्चिकेत, म्हणजे नीचेचा. हे चौथे स्थान, आईचे आणि घराचे. चारचौघांत हुकूम सोडणारी ही व्यक्ती स्वतःच्या उंबऱ्याआड अस्वस्थ का होते? हा प्रश्न लेखकाने स्वतःहून विचारला नसता. चंद्र अनुराधा नक्षत्रात असेल तर विंशोत्तरी पद्धतीने जन्म शनीच्या महादशेत होतो. तिची जास्तीत जास्त 19 वर्षे, त्यानंतर बुधाची 17, मग केतूची 7. राशीने स्वभाव सुचवला, दशेने कथानकाचा काळ सुचवला. ग्रहांवर विश्वास असो वा नसो, लेखकाला आता आपल्या आवडीनिवडीबाहेरच्या गोष्टीला उत्तर द्यावे लागते. या पद्धतीची खरी ताकद इथेच आहे.

टॅरोचे वळण निराळे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते खेळासाठी तयार झाले; भविष्यकथनाशी त्यांचा ठसठशीत संबंध अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये जुळला. 78 पत्त्यांपैकी 22 मोठे आर्काना, उरलेले 56 चषक, दंड, तलवारी आणि नाणी या चार रंगांचे. इथे जन्मवेळ लागत नाही. शेजारी कोणता पत्ता पडला यावर अर्थ फिरतो. इटालो काल्व्हिनो यांनी 1973 च्या ‘द कॅसल ऑफ क्रॉस्ड डेस्टिनीज’मध्ये हीच गोष्ट पणाला लावली. रान ओलांडून आलेल्या प्रवाशांची वाचा गेलेली असते आणि ते पत्ते मांडून आपापली कहाणी सांगतात. एकाच्या ओळीतला पत्ता दुसऱ्याच्या ओळीत येतो तेव्हा त्याचे दैव बदलते.

एलिनॉर कॅटन यांच्या ‘द ल्युमिनरीज’ने आणखी कठोर बंधन स्वीकारले. 1866 च्या सुमारास न्यूझीलंडमधल्या होकिटिका या सोन्याच्या गावी घडणाऱ्या या कादंबरीत बारा माणसे बारा राशींची आहेत, काही पात्रे ग्रहांची, आणि भागांची लांबी चंद्राच्या कलेप्रमाणे घटत जाते. 2013 चे बुकर पारितोषिक मिळालेल्या या कादंबरीत आकाश इतके काटेकोर आहे की काही ठिकाणी पात्रांना श्वास घ्यायला जागा अपुरी पडते. बंधनाची किंमत तिथे दिसते.

मराठी लेखकापुढे याशिवाय एक वेगळी जबाबदारी येते. इथे पत्रिका कल्पनेचे साधन होण्याआधी घरातला व्यवहार असते. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ आहे, किंवा जन्म मूळ नक्षत्रावर झाला, एवढ्यावरून मुलीला नकार कळवला जातो. अशा नायिकेला लिहिताना मंगळातून तिचा तापटपणा काढणे म्हणजे त्या नकारालाच दुजोरा देणे. तिच्याबाबत मंगळाचा परिणाम होतो की नाही, हे लेखकाने ठरवण्याची गरजही नसते. तो होतो असे तिच्या आईवडिलांनी, सोयरिकीला आलेल्यांनी आणि कदाचित तिनेही मानलेले असते. त्या मानण्याचे ती पुढे काय करते, तेवढे लिहायचे असते.