माझी कॉपी दाखवा

आमच्या वरच्या खोलीत बऱ्हाणपूरचा एक मुलगा राहतो. घरी मराठी बोलतो, पेपर हिंदीत लिहितो, मला काकू म्हणतो. आला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. आता त्याच्या वर्गमित्रांची मुले बालवाडीत जातात आणि तो अजून ‘तयारी करतोय’.

इंदूरमध्ये तयारी म्हणजे भंवरकुआ. त्या चौकाला क्रांतिकारक टंट्यामामा भिल्ल यांचे नाव देऊन काही वर्षे झाली, तरी मुलांच्या तोंडी भंवरकुआच आहे. तिथे महिन्याच्या भाड्याने एक खुर्ची आणि एक दिवा मिळतो, त्याला लायब्ररी म्हणतात. सकाळी पोहे खाऊन मुले त्या खुर्चीत बसतात, ती रात्री डब्याच्या वेळेलाच उठतात. ही मुले आळशी आहेत असे माझ्यासमोर कुणी म्हणू नये.

आमच्या मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची २०१९ ची परीक्षाच घ्या. प्री, म्हणजे पूर्वपरीक्षा, झाली जानेवारी २०२० मध्ये. मधेच नियम बदलले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले, निकाल पुन्हा लावावे लागले, काहींसाठी मेन्सही (मुख्य परीक्षा) नव्याने घ्यावी लागली. अंतिम निकाल आला डिसेंबर २०२३ मध्ये. परीक्षार्थी उशिरा पोचला तर केंद्राचे फाटक उघडत नाही, आणि ते मला मान्य आहे. पण परीक्षा घेणाऱ्याला चार वर्षे लागली, तर त्याने कुणापुढे उभे राहून उत्तर द्यायचे?

त्यात २०२२ पासून ८७-१३ आले. ओबीसी आरक्षण १४ टक्क्यांवरून २७ टक्के करण्याचा वाद न्यायालयात आहे, म्हणून ८७ टक्के जागांचे निकाल लावायचे आणि १३ टक्के रोखून ठेवायचे. आरक्षण हवे की नको, हा इथे मुद्दाच नाही. ज्यांना ते मिळायला हवे ती मुले आणि ज्यांचा त्याला विरोध आहे ती मुले, दोन्हीही त्याच १३ टक्क्यांत अडकली आहेत. “मी तेरा टक्क्यांत आहे,” असे एक मुलगी मला म्हणाली, तेव्हा दवाखान्यातला वॉर्ड सांगावा तसा तिचा आवाज होता.

डिसेंबर २०२४ मध्ये आयोगाच्या दारासमोर मुले रस्त्यावर बसली. चार रात्री, थंडीत. आमच्या वरच्या खोलीतला मुलगाही गेला होता. मागण्यांची यादी लांब होती, पण तो माझ्याशी एकाच मागणीबद्दल बोलायचा. २०१९ च्या मेन्सच्या कॉप्या दाखवा. (आमच्या इंदुरी मराठीत कॉपी म्हणजे उत्तरपत्रिका. महाराष्ट्रातल्या वाचकांनी दुसरा अर्थ घेऊ नये.)

“नापास केलं त्याचं काही नाही, काकू. माझं चुकलं कुठे, एवढंच बघायचंय.”

मी बत्तीस वर्षे शाळेत शिकवले. तपासलेले पेपर वर्गात परत द्यायचे, मुलांनी बाकावर बसून आपले गुण मोजायचे आणि अर्ध्या गुणासाठी टेबलाशी यायचे, यात मला कधी अपमान वाटला नाही. दोनदा-तीनदा चूक माझीच निघाली. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीला माहिती अधिकारात हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले. पुढे २०१८ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेपुरते त्याच न्यायालयाने म्हटले की, गुण आणि उत्तरपत्रिका सरसकट उघड करता येणार नाहीत. मोठ्या परीक्षांच्या अडचणी मला कळतात. तरीही मुलाच्या स्वतःच्या हाताने लिहिलेली पाने त्याच्यापासूनच लपवायची, हे माझ्यातल्या शिक्षिकेला पटत नाही. चूक न दाखवता नापास केलेला मुलगा पुढच्या अटेम्प्टला काय सुधारणार? तो स्वतःच्या सगळ्याच गोष्टींवर शंका घ्यायला लागतो. अक्षरावर, भाषेवर, शेवटी बुद्धीवरही. ते मी वरच्या खोलीत रोज पाहते.

रविवारी बऱ्हाणपूरहून त्याच्या आईचा फोन येतो. निकालाचे आता ती विचारत नाही. जेवलास का, एवढेच विचारते.

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही एक ठरवले आहे. तो रोज एक उत्तर लिहून संध्याकाळी खाली आणून देतो. मी लाल पेनने तपासते, गुण कापले तर का कापले ते समासात लिहिते आणि सकाळी जिन्याच्या कठड्यावर ठेवते. तो वर घेऊन जात नाही. तिथेच पायरीवर उभा राहून समास वाचतो.