पृथ्वीस आधार कोणाचा?

अमरावती-अकोल्याकडील आमच्या वाचकांस रोज पहाटे कपाशीच्या शेतावरून सूर्यच वर येताना दिसतो. मग पृथ्वी फिरते असे म्हणणाऱ्यावर विश्वास कसा ठेवावा?

सन १८३६ मध्ये सुबाजी बापू या मराठी ज्योतिष्याने ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ या ग्रंथात पुराणांचे, सिद्धांतांचे व कोपर्निकसाचे मत मराठीत ताडून पाहिले. ते सिहोर येथे विल्किन्सन साहेबांच्या आश्रयाने शिकवीत असत. तथापि त्यांचा मोठा आधार घरचाच होता. सन ११५० मध्ये भास्कराचार्यांनी विचारिले होते की, पृथ्वीस आधार पाहिजे तर त्या आधारास कोणाचा? शेवटला जर स्वशक्तीने राहतो, तर पृथ्वीच का न राहावी? पुण्याचे यज्ञेश्वर रोडे यांनी पुराणे व सिद्धांत यांत विरोध नाही असे दाखविण्यास ‘अविरोधप्रकाश’ रचिला. सुबाजींनी त्यासही उत्तर लिहिले.

येथे पंडितांस हसणे आम्हांस सोपे आहे. रोमच्या मंडळीने कोपर्निकसाचा ग्रंथ १६१६ साली दुरुस्ती होईपर्यंत थांबविला, व निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून तो १८३५ साली गळाला, हेही आम्ही आवडीने सांगतो. परंतु १५४३ साली तो न्युरेंबर्ग येथे छापला जात असता त्यात एक निनावी प्रस्तावना घातली गेली: यातील मते खरी असलीच पाहिजेत असे नाही. ती लिहिणारा ओसिआंडर हा लूथरपंथी उपदेशक, म्हणजे आमच्याच घरचा! यज्ञेश्वरांनी निदान स्वतःच्या नावाने वाद केला. ओसिआंडराचे नाव १६०९ साली केप्लराने छापून उघड केले.