अळणी भाजी आणि सत्याचा प्रश्न

समोरच्याचे मन दुखावू नये म्हणून खरे गिळून टाकणे धर्माला धरून आहे का? साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये हा प्रश्न साध्या जेवणाच्या पानावर उभा राहतो. ‘अळणी भाजी’ या प्रकरणात आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता ती भाजी खातात, वर चांगली झाल्याचे सांगतात आणि श्यामलाही बोलू देत नाहीत. पुढे आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला सारे कळते. अशी भाजी सगळ्यांना वाढली याची तिला चुटपुट लागते. मला कोणी का सांगितले नाही, हा तिचा प्रश्न रास्त आहे; माया कितीही खरी असली तरी वडिलांचे शब्द खरे नव्हते.

हे पुस्तक गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतले. त्याआधीच्या वर्षी ते धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबांनी तिथे दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. ती प्रवचने गुरुजींनीच उतरवून घेतली. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. बोलणे सत्य असावे, प्रिय असावे, हिताचे असावे आणि त्याने कोणाला उद्वेग होऊ नये. चारही गोष्टी एकाच वाक्यात साधणे फार अवघड. वडिलांनी प्रिय धरले आणि सत्य सोडले. महाभारतात युधिष्ठिराने अश्वत्थाम्याविषयी अर्धे खरे सांगितले, तेव्हा जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. व्यासांनी त्याचे पुण्य नाकारले नाही, पण असत्याची खूण पुसलीही नाही.

श्यामचे खोटेपण वेगळ्या जातीचे आहे. ‘मोठा होण्यासाठी चोरी’ या प्रकरणात तो पाहुण्याचे पैसे चोरतो आणि त्याला हवी असतात पुस्तके. हेतू ज्ञानाचा, म्हणून चोरी क्षम्य, अशी समजूत मनाशी घालता येते. उदात्त हेतूच्या आडोशाला बसलेले हे असत्य सगळ्यांत घातक, कारण ते बोलणाऱ्यालाच आधी फसवते. आईमुळे श्यामच्या मनात पालट होतो. मोठेपणी तो आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आपली गोष्ट सांगतो, तेव्हा हा प्रसंगही लपवत नाही. त्याच्यातला बदल खरा होता याला याहून मोठा पुरावा नाही.

जोसेफ कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’मध्येही (१८९९) मार्लो रात्रीच्या वेळी जहाजावर सोबत्यांना आपली कहाणी सांगतो. खोट्याचा त्याला मनापासून तिटकारा आहे. तरीही कुर्ट्‌झ या हस्तिदंताच्या व्यापाऱ्याच्या वाग्दत्त वधूला तो सांगतो की मरताना कुर्ट्‌झच्या ओठी तिचेच नाव होते. प्रत्यक्षात कुर्ट्‌झचे शेवटचे शब्द भयाचे होते. लोकांना सुधारण्याची भाषा करणाऱ्या या माणसाने हस्तिदंतासाठी काँगोच्या लोकांवर अनन्वित जुलूम केले होते, आणि त्याच्या भव्य अहवालाखाली त्या लोकांच्या संहाराची सूचना खरडलेली होती.

मार्लो आणि श्यामचे वडील दोघेही दयेपोटीच बोलले. पण वडिलांचे असत्य आईच्या पहिल्या घासापर्यंतच टिकणारे होते. ते उघडे पडले आणि घर सावरले, कारण त्यामागे कोणाचे नुकसान दडलेले नव्हते. मार्लोच्या असत्याने ती स्त्री जन्मभर एका खोट्या माणसाची पूजा करत राहणार आणि काँगोत मेलेल्यांची दाद कोणीच घेणार नाही. दयेपोटी बोललेल्या असत्याचा न्याय करताना समोरच्याचे मन दुखावले का, एवढेच पाहून भागत नाही. त्या असत्याखाली तिसऱ्याच कोणाचे दुःख गाडले जाते का, हे पाहावे लागते. या कसोटीवर वडिलांना क्षमा आहे; मार्लोला नाही.