माशीचा वाटा

पंचामृताच्या वाटीत पाच पदार्थ असतात. दूध, दही, तूप गाईचे; पण गाईला आपण चारा घालतो, वासरासाठी थोडे दूध आचळात ठेवतो. साखरेसाठी उसाला पाणी पाजतो. उरला मध. त्याच्या बदली मधमाशीला आपण काय दिले? हा प्रश्न एकदा मनात आला, की तो चमचाभर मध जड वाटू लागतो.

महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. त्या डोंगरांत सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवतात. उन्हाळ्यात तिथे जांभूळ, हिरडा, गेळा फुलतात. कारवी मात्र सात-आठ वर्षांतून एकदाच. फुलांतला पातळ रस माश्या पंखांच्या वाऱ्याने आटवतात आणि मध पिकला, की त्यावर मेणाचे झाकण घालतात. एका कामकरी माशीच्या साऱ्या जन्माची कमाई चहाचा एक चमचाही भरत नाही.

पूर्वी धूर करून पोळे कापीत आणि पिळीत. मधाबरोबर पिल्लेही चिरडत. पेटीने ती हिंसा पुष्कळ कमी केली. खालचा मजला पिल्लांचा, वरचा मधाचा. वरच्या चौकटी यंत्रात फिरवल्या, की मध निघतो आणि पोळे शाबूत राहते. पण चोरी सफाईने केली म्हणून ती चोरी राहिली नाही, असे कसे म्हणावे?

मला वाटते, याचे उत्तर पावसाळ्यात आहे. त्या दिवसांत डोंगरात पाऊस कोसळत असतो, फुले फार थोडी, माशीला बाहेर पडणे कठीण. तेव्हासाठीच तिने मध साठवलेला असतो. तो सगळा काढून घेणारा मग तिला साखरेचा पाक पाजतो आणि आपण तिला जगवतो असे समजतो! आधी कोठार लुटायचे आणि मग शिधा वाटायचा, याला दान म्हणत नाहीत. जाणता मधपाळ खालच्या मजल्याला हात लावीत नाही आणि वरचाही सगळा नेत नाही.

माशी मुकी आहे, पण सातेरी अगदीच निरुपाय नाही. उपासमार झाली, की सारी वसाहत पेटी सोडून निघून जाते. राणी अडेल अशी जाळी दाराला लावून तिला कोंडता येते, हेही खरे. माणसाची परीक्षा होते ती इथेच. कोंडण्याची सोय हाताशी असताना जो तिच्या पोटापुरते मागे ठेवतो, त्याच्या मधाला मी चोरीचा म्हणणार नाही.

असा मध थोडा निघतो आणि महाग पडतो. आपण भावात घासाघीस करतो, तेव्हा ती महागाई म्हणजे माशीचा वाटा आहे, हे विसरतो.

आपल्या घरी दही कितीही गोड लागले, तरी आई विरजणापुरते मागे ठेवतेच. पाडव्याच्या ताटावर बसून दही मागताना तिने भांडे का झाकून ठेवले, हे आपण कधी विचारीत नाही. मधाचा धर्म त्याहून निराळा नसावा.