निरोपाचा पहिला शब्द

अमेरिकन गायिका ग्लॅडिस नाइट आणि त्यांचे साथीदार ‘पिप्स’ यांचे एक सोल गीत १९७३ साली गाजले. पुढील वर्षी त्यास ग्रॅमी पुरस्कारही लाभला. जिम वेदरली यांच्या या गीतातील दोघांनाही प्रेम ओसरल्याचे कळून चुकले आहे. परंतु निरोपाचा शब्द आधी उच्चारण्यास कोणीच धजत नाही.

चाकणच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये राबणाऱ्या आमच्या तरुणांत हे मौन आम्ही पाहतो. साखरपुडा झालेला असतो. त्याची पहिली पाळी, तिची रात्रपाळी. ‘वेळच मिळत नाही’ हे कारण दोघांनाही सोयीचे. दुखवायचे नाही म्हणून गप्प राहणे यात दया असतेच, हे आम्ही नाकारीत नाही. पण दोष दुसऱ्याच्या पदरी पडावा म्हणून वाट पाहणे ही दया नव्हे. त्या प्रतीक्षेत दुसऱ्याच्या आयुष्याची वर्षे खर्ची पडतात.

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील कलम १०६२ नुसार वाङ्निश्चयाच्या आधारे विवाहाची सक्ती करता येत नाही. नुकसानभरपाई तेवढी मागता येते. धर्मसभेने उघडे ठेवलेले दार आपण आईबापच लोटून घेतो. (हॉलची अनामत बुडते, हे आम्हांसही ठाऊक आहे.)

पिंपरीतील एक मुलगी म्हणाली, “फादर, तुम्हीच त्याला सांगा ना.” आम्ही नकार दिला. ती बराच वेळ बसून राहिली, मग कामाची बस गाठायला उठली. आमचा नकार तिच्या भल्यासाठी होता, की तो शब्द उच्चारणे आम्हांसही नको होते?