प्रतिमांची खतावणी आणि ‘बनगरवाडी’

कादंबरीतून एखादा उतारा कापून घ्यावा, त्यातील रूप, नाद, गंध, रस आणि स्पर्श यांच्या प्रतिमा निरनिराळ्या रकान्यांत मांडाव्यात, प्रत्येकीपुढे तिचा भाव टिपावा आणि शेवटी बेरीज करून उताऱ्याची भाववृत्ती ठरवावी, ही पद्धत आमच्या वाङ्मयाध्यापनात पुरती रुळली आहे. तिच्या एका व्यासंगी पुरस्कर्त्याने व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चे गद्य याच मापाने मोजून ते ‘भावशून्य पंचनामा’ असल्याचा निवाडा अलीकडे दिला. तो निवाडा मला मान्य नाही. आणि ज्या कायद्यान्वये तो दिला गेला, तो तर मुळीच मान्य नाही.

भरताच्या रससूत्राचा दाखला देऊन त्याचे खंडन करता येईल. पण ती वाट मळलेली आहे, आणि या प्रश्नात मला मर्ढेकर अधिक जवळचे वाटतात. कलाकृतीचे सौंदर्य तिच्या सुट्या घटकांत नसते, संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी ते घटक परस्परांशी जे नाते जोडतात त्या नात्यात, म्हणजेच लयीत, ते असते, हा ‘सौंदर्य आणि साहित्य’मधील सिद्धान्त एकदा मनोमन पटला की रकान्यांची सारी मांडणी निराधार होते, कारण खतावणीत नोंदी असतात, नोंदींमधली नाती नसतात. परंतु मर्ढेकर येथे थांबत नाहीत. चित्रकाराचे माध्यम रंगसंवेदना, गायकाचे स्वरसंवेदना आणि साहित्यिकाचे मात्र भावनात्मक अर्थ, अशी सीमारेषा ते आखतात, आणि ‘बनगरवाडी’ वाचताना ती रेषा मला ओलांडावी लागते.

औंध संस्थानातील त्या धनगरवस्तीवर शिक्षक म्हणून आलेला राजाराम सौंदणीकर एके ठिकाणी पाहतो की एकच बैल असलेल्या शेकूच्या औताला दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको जुंपली गेली आहे. या प्रसंगी कारुण्याचा उच्चार करून वाचकाला काय वाटावे याचा हुकूम लेखक सोडत नाही. जू, खांदा आणि जमीन यांवर त्याची दृष्टी स्थिर राहते. माडगूळकरांच्या हाती चित्रकाराचीही रेषा होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. भावनात्मक अर्थ आधी आणि संवेदना त्याची वाहक, असा क्रम येथे लागत नाही; संवेदना आधी येते, दीर्घकाळ एकटीच उभी राहते, आणि अर्थ मागाहून वाचकाच्या ठायी उमटतो. मर्ढेकरांचे लयतत्त्व मी म्हणूनच शिरोधार्य मानतो. माध्यमाविषयीचा त्यांचा भेद मात्र अशा गद्यापुढे टिकत नाही.

लयीच्या तत्त्वाची खरी कसोटी लागते ती दुष्काळात. मेंढरांचे जाणे-येणे, कारभाऱ्याचे बोलणे, शाळेतील पोरांचा गलबला, सगळ्या वाडीने मिळून उभारलेल्या तालमीची लगबग यांची वाचकाला नकळत सवय झालेली असते. मग पाऊस फिरतो, मेंढरे मरतात, धनगर जगायला बाहेर पडतात आणि वाडी ओस पडते. आता जे मनाला व्यापते ते कोणत्या प्रतिमेतून आले म्हणून सांगावे? ते आले आहे परिचित नादांच्या नसण्यातून. नसण्याला रकाना नसतो. आधीची शंभर पाने कानात साठलेली असतील तरच शेवटच्या पानांतली शांतता ऐकू येते. ती साठवण नसेल, तर तेथे ओसाड माळाच्या वर्णनापलीकडे काही हाती लागत नाही.

म्हणून माझा आक्षेप विश्लेषणाला नाही, उताऱ्याला आहे. भाववृत्तीचा अभ्यास करायचा असेल तर ‘बनगरवाडी’चा आरंभ आणि शेवट एकाच आठवड्यात, मधले काही न गाळता, मोठ्याने वाचून घ्यावेत. ज्या विद्यार्थ्याच्या हाती शेवटची चारच पाने ठेवली जातात, तो त्यांवर ‘कोरडे’ असा शेरा लिहील, आणि त्याच्या परीने प्रामाणिकपणेच लिहील. त्या शेऱ्याचे उत्तरदायित्व पाने कापून देणाऱ्याकडे जाते.