नेम

मुळशी तालुक्यात पाहुण्याने काय पाहावे ह्याबद्दल दोन मते नाहीत. धरण पाहावे, ताम्हिणीचा घाट पाहावा आणि भजी खाऊन परतावे. मी मात्र गेल्या हिवाळ्यात तिथे बास्केटबॉल पाहून आलो. आमच्या मेव्हण्यांनी निवृत्तीनंतर पौडजवळ घर बांधले आहे. तिथे गेलेल्या माणसाला दोन गोष्टी सक्तीने दाखवल्या जातात : आंब्याची सात कलमे आणि नातू. कलमे अजून गुडघ्याएवढी आहेत. नातू सोळाव्या वर्षीच सहा फूट दोन इंच आहे.

हा नातू शाळेच्या संघाचा हुकमी एक्का. रिंगखाली चेंडू मिळाला, की तिघांना अंगावर घेऊन दहा फुटांवरच्या रिंगमध्ये तो असा सोडतो, की आमची ही माळ्यावर डबासुद्धा इतक्या सहज ठेवत नाही. पण हाच वाघ चार पावले मागे आला, की संपलं. पावणेसात मीटरवर एक रेषा असते. तिच्याबाहेरून चेंडू घातला तर तीन गुण. तिथे ह्याच्या हातात चेंडू आला, की तापलेला तवा लागल्यासारखा तो लगेच दुसऱ्याकडे देतो. प्रतिस्पर्ध्यांना हे ठाऊक झालेले. त्यांनी ह्याला बाहेर मोकळा सोडला आणि सगळे रिंगखाली ठाण मांडून बसले. सामना गेला.

रात्री पिठलं-भाकरीवर सुतक होते. शेवटी त्याने मलाच विचारले, "आजोबा, बाहेरून शॉट नसेल तर माणूस ग्रेट होऊच शकत नाही का?"

ज्या प्रश्नांची उत्तरे येत नाहीत त्यांना मी क्रिकेटमधून उत्तर देतो. म्हणालो, "अरे, २००४ साली सिडनीला सचिनने कव्हर ड्राइव्ह न मारता नाबाद २४१ केल्या!"

"पण त्याला तो येत होता," पोरगा म्हणाला.

मी भाकरीत लक्ष घातले. येणारी गोष्ट सोडणे हे तप. न येणारी टाळणे ही नुसती सोय. एवढा साधा फरक वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी सोळा वर्षांच्या मुलाकडून कळावा!

शेजारचे वस्ताद जेवायला होते. एकेकाळी तालीम गाजवलेला माणूस. ते म्हणाले, "आमचे खाशाबा जाधव मातीतले. १९४८ ला लंडनला गेले तर तिथं गादी! सहावे आले. मग काय, गादी आपली न्हाई म्हणून घरी बसले? १९५२ ला हेलसिंकीला त्याच गादीवर कांस्य आणलं की!"

पोराने फोन काढला आणि मला दोन अमेरिकेतले सामने दाखवले. दोन्ही २०२१ चे. पहिल्यात फिलाडेल्फियाचा बेन सिमन्स. बाहेरून जवळजवळ टाकतच नाही. पण इथे तर रिंगखाली उभा, समोर त्याच्यापेक्षा कितीतरी बुटका गडी, आणि ह्याने चेंडू दुसऱ्याला देऊन टाकला! सातवा, निर्णायक सामना हातचा गेला. दुसऱ्यात मिलवॉकीचा यानिस. सात फुटांना एक इंच कमी. बाहेरून नेम ह्याचाही यथातथाच. फ्री थ्रो घ्यायला इतका वेळ लावायचा, की परक्या मैदानावरचे प्रेक्षक 'एक, दोन, तीन' असे मोठ्याने मोजत. तरी तो टाकत राहिला. त्या वर्षी अजिंक्यपदाच्या शेवटच्या सामन्यात त्याने ५० गुण केले. १९ पैकी १७ फ्री थ्रो घातले.

म्हणजे उणीव दोघांतही होती. मोठेपणाला उणीव चालते असे दिसते. एक पाय लंगडा असला तरी माणूस पंढरपूरला पोचतो. पण चारचौघांत चुकायची लाज वाटायला लागली, की ती एका जागी थांबत नाही. ती रेषेवरून सरकत सरकत थेट रिंगखाली येते, आणि मग जे येत होते तेही हातून सुटते.

हे पोराला समजावताना माझाच घास अडकला. मी एकतीस वर्षे बँकेत काढली. हिशेबात माझी चूक कुणी दाखवावी! पण सभेत बोलायची वेळ आली, की मी शेजारच्याकडे बोट दाखवायचो. पुढे तर केबिनमध्ये साहेबांना साधे 'हे चूक आहे' म्हणायलाही शेजारचाच लागे. तो शेजारचा यथावकाश साहेब झाला. 'आम्हांला भाषण जमत नाही हो' हे मी आयुष्यभर विनम्रतेने सांगत आलो. जमत नव्हते हे खरेच. पण मी एकदा तरी करून कुठे पाहिले होते?

सकाळी पोरगा मैदानावर एकटाच रेषेबाहेरून चेंडू टाकत होता. वीसपैकी तीन गेले. मला पाहून त्याने चेंडू माझ्याकडे फेकला. मी सवयीप्रमाणे आजूबाजूला पाहिले. शेजारी फक्त आमची ही होती, आणि तिने हात मागे घेतले.

"एक, दोन, तीन..." पोराने मोजायला सुरुवात केली. नवाला मी डोळे मिटून टाकला.

रिंग सोडाच, चेंडू खांबापर्यंतही पोचला नाही. ही पोट धरून हसली. पोरगा मात्र चेंडू आणायला धावला आणि पुन्हा माझ्याच हातात आणून दिला.